उतरून राहिला

मी आज जो काही आहे तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या मोठ्या गुरुजींमुळे. त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून लिहीत नाही. आमच्या गावाकडे हेडमास्तरांना मोठे गुरुजीच म्हणत, तेवढी ओळख पुरे.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. मी मॅट्रिकच्या वर्गात आलो तेव्हा शाळा सुटल्यावर गुरुजी मला थांबवून घेऊ लागले. ते मला एखादी साधी गोष्ट सांगायला लावत. बैल कसा बिथरला, विहिरीत बादली कशी पडली, असलं काहीतरी. पण तीच गोष्ट दोनदा सांगायची. "आधी बापाले सांगतं तशी सांग," असं ते म्हणत. ती सांगून झाली की, "आता साहेबांना सांगतोस तशी सांग." पहिल्या वेळी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ सगळं चालायचं. दुसऱ्या वेळी एक ‘मले’ जरी निसटला तरी गोष्ट परत बैलापासून सुरू. एकदा कंटाळून मी विचारलं, "गुरुजी, यातलं खरं कोणतं?" ते घरच्या बोलीत म्हणाले, "सदरा बदलाचा असते बाबू. चामडी नाई बदलाची."

पुढं मी नागपूरला कॉलेजात गेलो, पदवी घेतली, तिथल्याच एका शाळेत मराठीचा मास्तर झालो. गुरुजींना दर महिन्याला पत्र पाठवायचो. ते पत्र परत यायचं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केलेल्या, आणि खाली त्यांचं दोन ओळींचं उत्तर. मी नोकरीला लागल्यावरही हे थांबलं नाही.

त्या दोनदा सांगायच्या गोष्टींचा मला काय उपयोग झाला, हे मला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका हिवाळ्यात कळलं. आमच्या शाळेनं प्रथमच नववीच्या मुलांना पचमढीला डोंगर चढायला आणि तंबूत राहायला न्यायचं ठरवलं, त्या वर्षी.

ही कल्पना शाळेत नवीन आलेल्या पीटीच्या सरांची. ते पुण्याकडचे. सह्याद्रीतले किल्ले पायांनी पालथे घातलेले, अंगानं सडपातळ आणि बोलायला तुटक. मुलं त्यांना पाठीमागं ‘पुणेकर’ म्हणत. त्यांचा आणि आमच्या मुलांचा पहिला खटका उडाला तो डब्यावरून. मधल्या सुट्टीत त्यांनी दारातून एका मुलाला हाक मारली, "काय करतोस रे?"

"डबा खाऊन राहिलो, सर."

"खाऊन राहिलास ना? मग चल ग्राउंडवर."

मुलगा तोंडात घास, हातात पोळी, तसाच उभा राहिला. वर्ग खो खो हसला. त्या मुलाला म्हणायचं होतं, अजून खातो आहे. सरांनी ऐकलं, खाऊन झालं आणि आता नुसता बसला आहे. मी त्यांना स्टाफरूममध्ये समजावून सांगितलं, तेव्हा तेही हसले. म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे ‘राहिला’ म्हणजे राहिला नाही." त्यानंतर ते मुद्दाम विचारायचे, "मास्तर, चहा पिऊन राहिलात का?" गंमत म्हणून ती गोष्ट तिथंच राहिली.

दिवाळीनंतर तयारी सुरू झाली. पहाटे अंबाझरीच्या तलावाकाठी धावणं, शनिवारी दुपारी ग्राउंडवर तंबू उभा करणं. तंबू एन.सी.सी.चे जुने होते आणि उलगडले की उंदरांचा वास यायचा. बाकांच्या पायांना दोरीच्या गाठी मारून मारून बाकांची पॉलिशं गेली. सरांनी एकदा प्रत्येकाला पाठीवरचं सामान बांधून आणायला सांगितलं आणि एकेकाची पिशवी हातानं उचलून पाहिली. एकीतून उशी निघाली, एकीतून लोणच्याची बरणी. एकीतून पितळी लोटा निघाला. "हा कशाला?" सरांनी विचारलं. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "आईनं देल्ला, सर. सकाळच्याले लागते म्हणे." मागून कोणीतरी म्हणालं, "सर, तो लोट्याशिवाय बसतच नाई." त्या दिवशी पुढं काही शिकवणं झालं नाही.

पण हसणं तेवढंच. बाकी दिवस सगळ्यांच्या मनावर ओझं होतं, कारण आमच्या नागपूरच्या शाळेचे हेडमास्तर या कॅम्पच्या बाजूनं नव्हते. त्यांनी सरांना आणि मला बोलावून सांगितलं होतं, "दुसऱ्यांची लेकरं आहेत. निघण्याआधी तुमची सगळी तालीम होऊ द्या. तालमीत एका जरी मुलाला लागलं, तर कॅम्प रद्द. मग मला सांगायला येऊ नका."

त्यात घरोघर जाऊन पालकांचा होकार आणायचं काम माझ्याकडे. मी इथल्या मातीतला, म्हणून. सगळ्यात अवघड गेलं इतवारीतलं एक घर. तिथले वडील भांड्यांचे व्यापारी. खाली दुकान आणि वर राहायची जागा. गल्लीत हातगाड्यांची इतकी दाटी, की मला सायकल खांद्यावर घेऊन जावं लागलं. त्यांचा मुलगा वर्गात सगळ्यात उंच, पण स्वभावानं बुजरा. घरातून एकटा कधी कुठं गेलेला नव्हता. त्याला या कॅम्पला जायचंच होतं. पहाटे तलावाकाठी सर्वांत आधी तोच हजर असायचा.

वडील गल्ल्यावरून न उठता म्हणाले, "डोंगर चढून काय भेटते, मास्तर? देव तरी आहे का वर?"

"महादेव आहे ना," मी म्हणालो.

"तो त इथंबी आहे."

जिन्याच्या पायरीवर उभ्या राहून त्याची आई ऐकत होती. ती म्हणाली, "जाऊ द्या वं बाई त्याले. किती दिवस दुकानात कोंडाचा?" ‘वं बाई’ ती नवऱ्याला नव्हे, शेजारी उभ्या सासूला म्हणत होती. वडील गल्ल्यातली चिल्लर मोजू लागले; नाही म्हणाले नाहीत. मग ती माझ्याकडे वळली. "तुमच्या भरवशावर पाठवून राहिलो, गुरुजी."

शहरात मला सगळे ‘सर’ म्हणत. तिनं ‘गुरुजी’ म्हटलं. मी सायकल परत खांद्यावर घेऊन गल्ली पार केली तेव्हा तो शब्द सायकलीपेक्षा जड झाला होता.

पचमढीला एका दरीत उतरताना थोडं अंतर दोर बांधून उतरावं लागणार होतं. त्याची तालीम करायला सरांनी शहराबाहेरची एक बंद पडलेली गिट्टीची, म्हणजे खडीची, खदान शोधून काढली. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही सगळे सायकलींनी तिथं पोचलो. थंडीनं मुलांची बोटं आखडली होती.

खदानीची भिंत दोन मजली घराएवढी. वरून उतरायला सोपी वाटायची. पण निम्म्यावर काळ्या खडकाचं पोट पुढं आलं होतं. त्या पोटाखाली मुलगा गेला, की वर दोर धरून बसलेल्याला तो दिसत नसे. आणि खालून ओरडलं तर दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून आवाज घुमायचा. म्हणून सरांनी बाजूच्या एका उंचवट्यावर एक मुलगा उभा केला. तिथून वरचं आणि खालचं दोन्ही दिसे. वरून सर विचारतील त्याचं उत्तर फक्त त्यानं द्यायचं. बाकी सगळ्यांनी गप्प. "मास्तर, तुम्हीसुद्धा," सर मला म्हणाले. "चार आवाज झाले तर मला एकही कळणार नाही." मी खाली दगडांच्या राशीजवळ उभा राहिलो. उतरलेल्या मुलाच्या कमरेची गाठ सोडायचं काम माझं होतं.

सर वर कडुनिंबाच्या बुंध्याला पाय टेकून बसले. दोर त्यांनी पाठीमागून कमरेभोवती घेतला होता. मुलगा जसा उतरेल तसा ते दोर हळूहळू सोडत. मुलगा निसटलाच, तर दोर सरांच्या अंगावर अडकणार आणि मुलगा लोंबकळत राहणार, अशी ती रीत. मुलगा खाली टेकला, की दोर हलायचा थांबे आणि सर विचारत, "उतरला का?" उंचवट्यावरचा मुलगा म्हणायचा, "झालं, सर!" मग सर कमरेचा दोर काढून उभे राहत, पाय झटकत आणि दोर वर ओढून घेत.

उंचवट्यावर आधी वर्गाचा मॉनिटर होता. ‘झालं, सर’ ‘झालं, सर’ करून त्याचा घसा बसला. त्याच्या जागी सरांनी बेश्याहून येणारा एक मुलगा उभा केला. बेसा तेव्हा गावच होतं. तो रोज सायकलवर शेतातनं यायचा आणि त्याचा आवाज दोन बांधांपलीकडे जाणारा.

दोराला पुढचा मुलगा होता इतवारीचा.

तो वरचा अर्धा भाग चांगला उतरला. मग खडकाच्या पोटाखाली आला आणि अडकला. हात एका खाचेत घट्ट, एक पाय टेकलेला, दुसरा पाय हवेत चाचपडत होता. खाली पाय ठेवायला जागा होती. मला दिसत होती, त्याला दिसत नव्हती. मी बोलायचं नाही असं ठरलेलं. त्याच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. दोर बराच वेळ हलला नाही, म्हणून वरून सरांचा आवाज आला,

"उतरला का?"

बेश्याचा मुलगा छाती भरून ओरडला, "हो सर! उतरून राहिला!"

त्या मुलानं अगदी खरं सांगितलं होतं. उतरतो आहे, अजून उतरतोच आहे. आमच्या घरात, आमच्या शेतात, त्या वाक्याचा दुसरा अर्थच नाही. पण वर बसलेल्या माणसाच्या कानाला ते कसं लागलं असेल, ते मला त्याच घटकेला कळलं. उतरून, खाली उभा राहिला.

मी पाहिलं. मुलाच्या वरचा ताठ दोर ढिला पडला. त्याचा एक वळसा खडकावर लोंबला.

ओरडायचं होतं. तोंडाशी आधी घरचंच आलं, ‘उतरला नाई, उतरूनच राहिला!’ तेच जर ओरडलो असतो तर वर तोच घोळ दुसऱ्यांदा गेला असता. मला ती विहिरीतली बादली आठवली असं म्हणणं खोटं होईल. तेव्हा काही आठवायला सवड नव्हती. जीभच वळली. साहेबांना सांगतात तसं मी एकेक शब्द तोडून ओरडलो,

"सर! दोर धरा! मुलगा वर आहे!"

आणि लगेच, त्याच श्वासात, खडकाला चिकटलेल्या मुलाला, "हात सोडू नको बाबू. मी आहो खाली. मी आहो ना."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा टेकलेला पाय निसटला.

दोर सरसरत खाली आला. मुलगा खडकाला घासत, हात पसरून खाली आला. मी दोन्ही हात वर करून धावलो. आणि माझ्या हातांच्या थोडंसंच वर तो थांबला. गचका बसून एकदा गोल फिरला आणि लोंबकळत राहिला. खाली दगडांची रास होती. मग दोर पुन्हा हलायला लागला, हळूहळू, अगदी आधीसारखा. मुलगा माझ्या खांद्यावर आला. त्याचा गुडघा फुटला होता, हनुवटी सोलली होती. मी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, म्हणून गाठ मॉनिटरनं सोडली.

सर वळसा घालून पायवाटेनं खाली आले. त्यांनी हात छातीशी धरले होते. ते मी नंतर पाहिलं. ते सरळ बेश्याच्या मुलापाशी गेले. "तू उतरला म्हणालास."

"नाई सर," तो रडकुंडीला आला होता. "मी उतरून राहिला म्हणलो. मी काहून खोटं सांगू? उतरूनच त राहिला होता तो."

सर खाली एका दगडावर बसले आणि स्वतःशीच म्हणाले, "डबा." दुसऱ्या कुणाला ते कळलं नसेल. मला कळलं. समोरासमोर, हसतखेळत त्यांना आमची बोली समजायला लागली होती. पण वरून, न दिसणाऱ्या मुलासाठी कान लावून बसल्यावर, कान आपल्या आईच्या भाषेतच ऐकतात.

त्यांनी तळवे उघडले. दोन्ही सोलून निघाले होते. दोर त्यांनी कमरेवरून काढला होता, पाय झटकायला उठलेही होते. माझी हाक ऐकून त्यांनी सुटता दोर नुसत्या हातांनी पकडला होता.

परत येताना इतवारीचा मुलगा माझ्या सायकलच्या दांडीवर बसला. शहर जवळ आल्यावर म्हणाला, "सर, मी घरी सायकलवरून पडलो म्हणतो."

"नाही."

"सर, बाबा मले कधीच नाई पाठवाचे मग. अन् हेडमास्तर कॅम्पच रद्द करतीन. सगळ्यायचा."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "तरी नाही."

त्याच्या आईला मी काय सांगणार होतो, ते मला ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की तिनं मुलगा माझ्या भरवशावर दिला होता आणि तो भरवसा सायकलवरून पडल्याच्या थापेवर उभा राहू शकत नव्हता.

दुकान रविवारीही अर्धं उघडं होतं. मी उभ्या उभ्या घडलं तसं सांगितलं. दोर कसा ढिला झाला, तेही. आई आतून हळद घेऊन आली आणि गुडघ्यावर लावू लागली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. वडील ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "उद्या शाळेत येतो."

सोमवारी ते आले तेव्हा हेडमास्तरांच्या खोलीत सर आणि मी आधीच उभे होतो. हेडमास्तरांनी आमचं सगळं ऐकून घेतलं होतं आणि एकच वाक्य बोलले होते, "मी काय सांगितलं होतं?" खिडकीतून मला दिसत होतं, नववीचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला गोळा झाला होता.

इतवारीचे ते गृहस्थ खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि सरांना म्हणाले, "हात दाखवा."

सरांच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. "मलम लावलंय," ते म्हणाले.

"दाखवा त खरं."

सरांनी एका हाताची पट्टी सोडली. त्या गृहस्थांनी तो हात आपल्या हातात घेऊन उजेडात धरला. बराच वेळ पाहिलं.

"आमच्याकडे हातगाडीवरून पितळी गुंडांची, पाण्याच्या हंड्यांची थप्पी हमाल दोरानं उतरवते," ते म्हणाले. "दोर सुटला का चटका बसते, अन् हात आपोआप उघडते. हमालाचा उघडते, माह्याबी उघडला आहे. गुंड जाते पायावर. तुमचा काहून नाई उघडला?"

"मुलगा होता ना खाली," सर म्हणाले.

त्या गृहस्थांनी हात सोडला. मग हेडमास्तरांकडे वळले. "अन् हे मास्तर. याह्यनं घरी येऊन सांगतलं. पोट्टा त सांगणार नव्हता, मी ओळखतो त्याले." मग म्हणाले, "जाऊ द्या त्याले कॅम्पले. पण तो बोलायचा घोळ आहे ना, तो मिटवा पहिले." आणि दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "सर, मी आता घरी जाऊन राहिलो. म्हणजे गेलो, का आहो?"

सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आहात," ते म्हणाले. "अजून इथंच आहात."

"पास," ते म्हणाले आणि गेले.

हेडमास्तर हसले नाहीत. टेबलावरचा पेपरवेट एका जागेवरून उचलून त्यांनी दुसऱ्या जागी ठेवला. "येत्या रविवारी मी स्वतः खदानीवर येईन," ते म्हणाले. "तोच मुलगा पहिला उतरेल, त्याची तयारी असेल तर. मग बघू."

तो आठवडा फार लांब गेला. सरांनी मुलांनाच विचारलं, शब्द कोणते ठेवायचे? ‘उतरला’ आणि ‘उतरतोय’ असे पुस्तकी शब्द ठेवायला मुलं तयार होती. पण सर म्हणाले, घाबरलेल्या माणसाच्या तोंडात पुस्तक येत नाही. बेश्याचा मुलगा म्हणाला, "सर, ‘चालू’ अन् ‘खलास’ ठेवू."

"दोराला मुलगा लटकलाय आणि वरून खलास?" मॉनिटर म्हणाला. "हेडमास्तर तिथंच खलास होतीन बे."

तेव्हा कुठं पहिल्यांदा सगळे मोकळे हसले. शेवटी ‘चालू’ आणि ‘झालं’ ठरलं. रोज शाळा सुटल्यावर ग्राउंडवर सगळे गोल उभे राहायचे. सर पाठ करून उभे. मी एखाद्या मुलाला काहीतरी करायला लावायचो, पाणी प्यायला, बूट घालायला. सर न बघता विचारायचे आणि बेश्याचा मुलगा उत्तर द्यायचा. सरांनी मोठा आग्रह करून निरोप सांगायला पुन्हा त्यालाच ठेवलं होतं. तो मात्र त्या आठवड्यात डबा खात नव्हता, असं त्याच्या शेजारच्यानं मला सांगितलं.

रविवारी हेडमास्तर रिक्षानं आले, धोतराचा सोगा हातात धरून दगडांतून चालत खाली माझ्याशेजारी उभे राहिले. सरांच्या हातात कातडी मोजे होते, कुठल्या तरी वेल्डरकडून मागून आणलेले. इतवारीचा मुलगा दोर बांधून वर कडेला आला. त्यानं खाली पाहिलं आणि दोन पावलं मागं गेला. वर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. तो परत कडेला आला.

खडकाच्या पोटाखाली त्याचा पाय पुन्हा तसाच हवेत चाचपडायला लागला. हेडमास्तरांनी माझा दंड धरला.

"उतरला का?" वरून आवाज आला.

"चालू!" बेश्याचा मुलगा ओरडला. "चालू, सर! चालू!"

दोर ताठच राहिला. पाय चाचपडत राहिला. मग त्याला ती जागा सापडली. त्याखालची सापडली. बुटांखाली गिट्टी वाजली, आणि गाठ सोडायला मी पुढं होण्याआधीच तो स्वतःच उंचवट्याकडे तोंड करून ओरडला, "झालं!"

हेडमास्तरांनी माझा दंड सोडला. धोतर झटकलं. "परतीच्या दिवसापर्यंत मला झोप नाही, एवढं लक्षात ठेवा," ते म्हणाले आणि रिक्षाकडे निघाले. ते होकाराचं उत्तर आहे हे मुलांना कळायला थोडा वेळ लागला.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी, होल्डॉल बांधून झाल्यावर, मी गुरुजींना पत्र लिहिलं.

तीर्थस्वरूप गुरुजींस,
सा. नमस्कार वि. वि.

उद्या सकाळी नववीच्या मुलांना घेऊन पचमढीला जात आहोत. पिपरियापर्यंत रेल्वे, पुढं बस. मुलं तयार आहेत. दोर, तंबू, शिधा सगळं नीट बांधलं आहे. एका मुलाच्या सामानात पितळी लोटा आहे, तो आम्ही काढायला लावला नाही.

मधल्या काळात खदानीवर एक प्रसंग झाला. तो सविस्तर परत आल्यावर, समक्ष येऊन सांगेन. आज एवढंच सांगतो, की एक मुलगा दोराला होता, वरच्या माणसाला एका भाषेत सांगायचं होतं आणि मुलाला दुसऱ्या. मला दोन्ही येत होत्या. त्या तुम्ही शिकवल्या. शाळा सुटल्यावर, बैल आणि बादलीच्या गोष्टी सांगायला लावून. तेव्हा मला भूक लागलेली असायची आणि मनातून तुमचा राग यायचा, हे आज लिहायला हरकत नाही.

मुलाचे वडील उद्या स्टेशनवर येणार आहेत. आईपण येणार आहे.

पुढचं वाक्य मी घरी बोलतो तसं लिहितो. त्याच्याखाली लाल रेघ मारू नका.

गुरुजी, तुमच्या भरवशावर मी सगळ्यायले घेऊन निघून राहिलो.

आपला विद्यार्थी